अंधारातील साक्ष : अमेरिकेतील कूनहाउंड शिकार-स्पर्धा आणि खिलाडूवृत्तीचा इतिहास

प्रस्तावना :

क्रीडेच्या इतिहासाचा विचार करताना मैदान, प्रेक्षक आणि पंच हे तीन घटक आपण गृहीत धरतो. खेळाडूच्या हातून नियमभंग झाला तर तो पाहणारे कोणीतरी असते, या भरवशावर बहुतेक खेळांची न्यायव्यवस्था उभी असते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र असा एक स्पर्धाप्रकार रुजला की ज्यात हे तिन्ही घटक जवळजवळ अनुपस्थित असतात. रात्रीच्या वेळी जंगलात रॅकूनचा माग काढून त्याला झाडावर चढावयास लावणाऱ्या कूनहाउंड कुत्र्यांची ही स्पर्धा होय. रॅकून हा मांजरापेक्षा मोठा, डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि शेपटीवर वलये असलेला निशाचर प्राणी आहे. ‘कून’ हे त्याच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे. या स्पर्धेत कुत्रा नजरेआड धावत असतो आणि स्पर्धकच बहुधा परस्परांचे पंच असतात. अशा परिस्थितीत प्रामाणिकपणा टिकतो कसा, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे :

१) कूनहाउंड शिकार-स्पर्धांच्या ऐतिहासिक जडणघडणीचा आढावा घेणे.
२) या स्पर्धांच्या नियमांमागील नैतिक विचार स्पष्ट करणे.
३) अप्रामाणिकपणाच्या शक्यता व त्यांचे दूरगामी परिणाम यांचे विवेचन करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. सामाजिक पार्श्वभूमी

इंग्लंडमधून अमेरिकेत आलेली कोल्ह्याची शिकार हा जमीनदार वर्गाचा छंद होता. घोडे, नोकरचाकर आणि कुत्र्यांचे मोठे कळप बाळगणे ज्यांना परवडे, तेच ती करीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांना या शिकारीची विशेष आवड होती आणि १७८५ मध्ये लाफायेत यांनी त्यांच्याकडे फ्रान्समधून शिकारी कुत्रे पाठविले होते. रॅकूनची शिकार याच्या अगदी उलट होती. एखाद-दुसरा कुत्रा, कंदील आणि चालण्याची तयारी एवढ्या भांडवलावर ती होत असे. लहान शेतकरी, मजूर आणि गुलामगिरीत जखडलेले कृष्णवर्णीय लोक यांना ती शक्य होती. गुलामांचा दिवस मालकाचा असल्याने शिकारीस रात्रच काय ती उरत असे. मांस पोटासाठी आणि कातडे बाजारासाठी, असा तिचा दुहेरी उपयोग होता.

खिलाडूवृत्ती ही उच्चभ्रू वर्गाने समाजाला दिलेली देणगी आहे, असे अनेकदा मानले जाते. रॅकूनच्या शिकारीचा इतिहास या समजाला छेद देतो. येथील सचोटीची कल्पना श्रमिकांच्या सहजीवनातून आली. कोणाचा कुत्रा आधी भुंकला, कोणी खरोखर रॅकून झाडावर चढविला, याचा निवाडा शेकोटीभोवती बसलेले शेजारीच करीत आणि खोटे बोलणाऱ्यास उद्या त्याच शेजाऱ्यांबरोबर राहावयाचे असे.

२. वंशनोंदणी आणि विश्वासाचा प्रश्न

१८९८ मध्ये चॉन्सी बेनेट यांनी युनायटेड केनेल क्लबची स्थापना केली. या संस्थेने १९०० मध्ये ब्लॅक अँड टॅन, १९०२ मध्ये रेडबोन आणि १९०५ मध्ये इंग्लिश या जातींची नोंदणी स्वीकारली. ट्रीइंग वॉकर जातीस १९४५ मध्ये, तर ब्लूटिक व प्लॉट या जातींस १९४६ मध्ये स्वतंत्र मान्यता मिळाली. वंशनोंदणी ही मुळात साक्षच असते. अमुक पिल्लू अमुक नर-मादीचे आहे, हे पैदासकाराच्या शब्दावर लिहिले जाते. पुढे डीएनए तपासणीची सोय झाली. परंतु कित्येक दशके मालकाची स्वाक्षरी हाच मुख्य आधार होता.

या संदर्भात ट्रीइंग वॉकर जातीची परंपरागत कथा लक्षणीय आहे. या जातीचा एक मूळपुरुष मानला जाणारा ‘टेनेसी लीड’ हा कुत्रा १८५२ च्या सुमारास टेनेसी राज्यात हरणाचा पाठलाग करीत असताना चोरला गेला आणि केंटकीतील जॉर्ज वॉशिंग्टन मॉपिन यांच्या हाती आला, असे सांगितले जाते. पुढील काळात स्पर्धांवर वर्चस्व गाजविणाऱ्या जातीच्या मुळाशीच चोरीची कथा असावी, हा इतिहासातील उपरोध म्हणावा लागेल.

३. माळरानावरून जंगलात

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘फील्ड ट्रायल’ हा स्पर्धाप्रकार लोकप्रिय झाला. यात रॅकूनच्या वासाची वस्तू जमिनीवरून ओढत नेऊन कृत्रिम माग तयार केला जाई व त्याच्या शेवटी झाडावर रॅकून ठेवला जाई. ओहायो राज्यातील केंटनजवळची ‘लीफी ओक’ ही अशी गाजलेली स्पर्धा होती. प्रेक्षक, बक्षिसे आणि पैजा या सर्वांमुळे हा प्रकार शर्यतीसारखा बनला. मागाचा बारकाईने शोध घेणाऱ्या कुत्र्यापेक्षा नुसता वेगवान कुत्रा येथे जिंकू लागला. स्पर्धा नियमानुसार होत असली तरी शिकारी कुत्र्याचे खरे गुण तीत जोखले जात नाहीत, अशी भावना जाणत्या शिकाऱ्यांत बळावली.

यातूनच खऱ्या जंगलात, खऱ्या मागावर घेतली जाणारी रात्रीची स्पर्धा पुढे आली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कून हंटर्स असोसिएशनने जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली आणि १९५० च्या दशकात युनायटेड केनेल क्लबने अशा स्पर्धांना परवाने देण्यास प्रारंभ केला. इंडियाना राज्यातील ‘ऑटम ओक्स’ हा त्या संस्थेचा मोठा मेळावा १९६० पासूनचा आहे. या बदलामुळे परीक्षा अस्सल झाली; मात्र प्रेक्षक दूर गेले आणि फसवणुकीस अंधार मिळाला.

४. नियमांची रचना

चिठ्ठ्या टाकून साधारणपणे चार कुत्र्यांचा एक गट केला जातो. कुत्रे सोडल्यानंतर प्रत्येक स्पर्धकाने केवळ आवाजावरून आपला कुत्रा ओळखावयाचा असतो. तो मागावर लागला असे वाटल्यास त्याचे नाव मोठ्याने पुकारावे लागते. प्रथम पुकारणाऱ्यास १००, त्यानंतरच्यांस ७५, ५० व २५ गुण. कुत्रा झाडाखाली स्थिरावून भुंकू लागला की दुसरी पुकार, तीस अनुक्रमे १२५, ७५, ५० व २५ गुण.

हे गुण तात्पुरते असतात. सर्वजण झाडापाशी जाऊन विजेरीच्या प्रकाशात शोध घेतात. रॅकून दिसला तर गुण मिळतात. झाड मोकळे असून त्यावर काहीच नसेल तर तेवढेच गुण वजा होतात. ढोली किंवा दाट पाने असल्यामुळे निर्णय करता येत नसेल तर गुणांभोवती वर्तुळ काढले जाते. ते जमेतही नाहीत आणि वजाबाकीतही नाहीत. ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याची अधिकृत सोय येथे नियमांतच आहे. अनिश्चिततेला बळेच ‘होय’ किंवा ‘नाही’ करावयास न लावणे हे या नियमावलीचे शहाणपण होय. या स्पर्धांत रॅकूनला मारले जात नाही. त्याचे दिसणे एवढाच पुरावा असतो.

मात्र हा पुरावा स्पर्धकांच्याच डोळ्यांवर अवलंबून असतो. स्वतंत्र पंच नसल्यास गटातीलच एक स्पर्धक पंचाचे काम करतो आणि रॅकून दिसला की नाही हे गटाच्या बहुमताने ठरते. प्रतिस्पर्ध्याच्या कुत्र्याने चढविलेला रॅकून आपल्याला दिसला, हे मान्य करणे म्हणजे स्वतःचा पराभव मान्य करणे होय. शेंड्यावर क्षणभर चमकलेले डोळे आपण पाहिले की नाही, हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते. या खेळातील सचोटीची खरी कसोटी या एका क्षणात लागते.

५. प्रलोभने आणि परिणाम

अप्रामाणिकपणाच्या वाटा अनेक आहेत. दुसऱ्याच्या कुत्र्याचा आवाज आपल्या कुत्र्याचा म्हणून पुकारणे, न दिसलेला रॅकून दिसला म्हणणे, दोघांनी संगनमताने तिसऱ्याविरुद्ध मत देणे, स्थानिक वाटाड्याने आपल्या कुत्र्याच्या परिचयाच्या झाडांकडे गट नेणे, नोंदणीकृत कुत्र्याच्या जागी दुसराच कुत्रा आणणे इत्यादी. यांवर आक्षेप नोंदविण्याची तरतूद, वरिष्ठ पंचांकडे दाद, कुत्रा बाद करणे, दोषी व्यक्तीस स्पर्धाबंदी असे उपाय योजले गेले. २००० च्या दशकात कुत्र्याचे स्थान दाखविणारे जीपीएस पट्टे आले. कुत्रा कोठे आहे हे यंत्र सांगू शकते; परंतु झाडावर रॅकून होता काय, हे माणसालाच सांगावे लागते.

रोख बक्षिसांच्या स्पर्धा वाढल्यावर प्रलोभनही वाढले. तथापि अधिक गंभीर परिणाम वेगळाच आहे. विजेत्या नराची पैदासीसाठी मागणी वाढते आणि त्याच्या पिल्लांना अधिक किंमत येते. खोट्या गुणांनी मिळविलेले पद वंशावळीत लिहिले जाते आणि पुढील पैदासकार त्यावर विसंबून आपली निवड करतात. एका रात्रीचे असत्य अशा रीतीने अनेक पिढ्यांच्या कुत्र्यांत उतरते. त्यामुळे येथील फसवणूक ही केवळ त्या रात्रीच्या प्रतिस्पर्ध्याची राहत नाही.

६. कुत्र्याची सचोटी

शिकाऱ्यांनी नैतिक शब्द कुत्र्यांनाही लावले आहेत. वास नसताना भुंकणारा कुत्रा ‘बडबड्या’ म्हणून हिणविला जातो. दुसऱ्यामागे जाऊन केवळ साथ देणाऱ्याला मान नसतो. रिकाम्या झाडाखाली भुंकणारा तर मालकाचे गुणच घालवितो. चुकीच्या झाडाखाली भुंकण्याचा इंग्रजी वाक्प्रचार १८३० च्या दशकापासून अमेरिकन लेखनात आढळतो व त्याचा उगम याच शिकारीत मानला जातो.

अलाबामा राज्यात की अंडरवूड यांनी ४ सप्टेंबर १९३७ रोजी आपल्या ‘ट्रूप’ नावाच्या कुत्र्याचे दफन केले. तेथे पुढे केवळ कूनहाउंडांसाठी दफनभूमी विकसित झाली. येथे दफनासाठी मालकाचे कथन पुरेसे नसते. कुत्रा खरा रॅकून-शिकारी होता अशी साक्षीदाराची ग्वाही लागते आणि स्थानिक शिकारी संघटनेच्या सदस्याला तो पाहू द्यावा लागतो. स्पर्धेतील साक्षीचे तत्त्व असे मृत्यूनंतरही कायम राहिले.

निष्कर्ष :

१) कूनहाउंड स्पर्धांतील खिलाडूवृत्ती अभिजन वर्गाकडून आलेली नसून ग्रामीण श्रमिकांच्या परस्परावलंबनातून विकसित झाली.
२) कृत्रिम मागाकडून खऱ्या जंगलाकडे झालेल्या वाटचालीत परीक्षा अस्सल झाली, पण देखरेख दुबळी झाली. ही उणीव नियमांनी अंशतः व विश्वासाने अंशतः भरून काढली.
३) गुणांभोवतीचे वर्तुळ ही अनिश्चितता मान्य करणारी तरतूद न्याय्य स्पर्धेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.
४) वंशनोंदणीमुळे स्पर्धेतील असत्याचे परिणाम पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचतात.

नियम, दंड आणि यंत्रे यांनी फसवणूक अवघड करता येते; तिचा समूळ नाश करता येत नाही. अंधारात झाडाखाली उभा असलेला स्पर्धक “होय, मला दिसला,” असे स्वतःविरुद्ध म्हणतो, तेव्हाच ही स्पर्धा स्पर्धा म्हणून शिल्लक राहते.