परदेश सहलीत जेवण आणि भेटवस्तूंसाठी रोज किती पैसे लागतात? फुलंब्रीहून निघणाऱ्यांसाठी साधा हिशेब

अजिंठ्याला जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरहून निघाल्या की फुलंब्री ओलांडून पुढे सिल्लोडकडे जातात. लेणीचं तिकीट भारतीयाला ४० रुपये, परदेशी माणसाला ६०० रुपये. खाली फर्दापूरला रंगीत दगड विकणारे काय भाव सांगतात आणि शेवटी कितीला देतात, हे या पट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता हीच गोष्ट उलटी करून पाहा. फुलंब्रीचं कुटुंब बँकॉकला पोचलं की तिथे ते 'परदेशी' असतं. तिथल्या ग्रँड पॅलेसमध्ये थाई नागरिकाला प्रवेश फुकट आणि परदेशी माणसाला तिकीट ५०० बाट. टूर कंपनीला पॅकेजचे पैसे भरले म्हणजे खर्च संपला असं अनेकांना वाटतं, पण खिशाला खरी गळती लागते ती इथून पुढे. या खर्चाला आपल्याकडे छान शब्द आहे: वरखर्च.

आधी पॅकेजमध्ये काय आहे ते वाचा

केसरी, वीणा वर्ल्ड अशा मराठी कंपन्यांच्या ग्रुप टूरमध्ये सहसा नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण धरलेलं असतं, तेही बहुतेक वेळा भारतीय. अशा सहलीत वरखर्च म्हणजे पाणी, चहा, आइस्क्रीम आणि खरेदी. याउलट स्वस्तात मिळणाऱ्या 'विमान, हॉटेल आणि नाश्ता' अशा पॅकेजमध्ये रोजची दोन जेवणं तुमच्या खिशातून जातात. दोन पॅकेजच्या किमतीत वीस-पंचवीस हजारांचा फरक दिसला, तर तो फरक कित्येकदा याच दोन जेवणांचा असतो. त्यामुळे स्वस्त पॅकेज खरोखर स्वस्त आहे का, हे जेवणाचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

चौघांचा थायलंडचा हिशेब

समजा, आई-वडील आणि दोन शाळकरी मुलं बँकॉक-पटायाला पाच दिवस चालली आहेत आणि पॅकेजमध्ये फक्त नाश्ता आहे. गेल्या काही वर्षांत एक बाट सव्वादोन रुपयांपासून चढत चढत तीन रुपयांच्या आसपास आला. मोबाईलवर दिसणारा दर आणि पैसे बदलून देणाऱ्याचा दर यांतही फरक असतो. म्हणून हिशेबाला सरळ ३ रुपये धरावेत. पाढाही सोपा, आणि पैसे उरले तर आनंदच.

फूड कोर्टमध्ये किंवा रस्त्यावरच्या गाडीवर भात-भाजी किंवा नूडल्सची एक प्लेट साधारण ६० ते १०० बाटला मिळते. माणशी ९० धरले तर दुपारचे ३६० बाट. रात्री भारतीय हॉटेलात बसलात तर माणशी २०० ते २५० बाट सहज होतात, म्हणजे चौघांचे ९००. थायलंडमध्ये नळाचं पाणी पीत नाहीत, त्यामुळे बाटल्या आणि किरकोळ खाऊ मिळून १५० बाट. शहाळं, आंबा, आइस्क्रीम यांचे १९०. दिवसाचे झाले १,६०० बाट, म्हणजे ४,८०० रुपये. पाच दिवसांचे २४,०००.

या हिशेबात निम्म्याहून जास्त पैसा एकट्या रात्रीच्या जेवणावर गेला आहे, हे लक्षात घ्या. पाचपैकी दोन रात्री हॉटेलाऐवजी फूड कोर्टमध्ये जेवलात, तर १,०८० बाट वाचतात. म्हणजे सव्वातीन हजार रुपये. पाण्याच्या बाटलीवर घासाघीस करून एवढे कधीच वाचत नाहीत.

जेवणाशिवाय टॅक्सी आणि स्कायट्रेनचे रोज ४०० बाट धरा, पाच दिवसांचे ६,००० रुपये. ग्रँड पॅलेस ५०० आणि वाट फो हे बुद्धमंदिर ३००, असं माणशी ८०० बाट तिकीट. चौघांचं पूर्ण तिकीट लागलं तर ३,२०० बाट, म्हणजे ९,६०० रुपये. लहान, कमी उंचीच्या मुलांना सूट मिळते, पण हिशेबात ती धरू नये. इथवर ३९,६०० रुपये झाले. भेटवस्तूंना १२,००० ठेवले आणि औषधपाणी, चुकलेली बस, फाटलेली चप्पल अशा अडीअडचणीसाठी ८,००० बाजूला काढले, तर आकडा ६० हजारांच्या आसपास जातो. बाटमध्ये २०,०००.

थायलंडच्या इमिग्रेशनवर अधिकारी माणशी २० हजार किंवा कुटुंबामागे ४० हजार बाट एवढी रक्कम जवळ असल्याचं दाखवायला सांगू शकतात, हेही माहीत असू द्या. प्रत्येकाला विचारतातच असं नाही. पण अगदी मोकळ्या खिशाने विमानात बसू नये.

शाकाहारी माणसाचा खर्च वेगळा का येतो?

थाई स्वयंपाकात माशाचा पातळ सॉस जवळजवळ प्रत्येक भाजीत पडतो. 'नो मीट' सांगितलं तरी तो पडतोच, कारण तिथल्या लोकांच्या लेखी तो मांसाहार नसून मिठासारखा मसाला आहे. शुद्ध शाकाहारासाठी तिथे 'जे' हा शब्द आहे आणि अशा दुकानांवर पिवळ्या रंगावर लाल अक्षरांची पाटी असते. ती ओळखता आली तर जेवण स्वस्तात होतं. नाही ओळखता आली तर भारतीय हॉटेल शोधत टॅक्सी करावी लागते, म्हणजे जेवणही महाग आणि वर गाडीभाडं. माळकरी किंवा कांदा-लसूण न खाणारे सोबत असतील तर जेवणाचं बजेट दीडपट धरलेलं बरं.

म्हणूनच आपल्याकडच्या बॅगांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू भरलेले असतात. त्याला हसण्याचं काही कारण नाही. दोन दिवसांची शिदोरी चार-पाच हजार रुपये वाचवते. फक्त कुठे काय चालत नाही ते पाहून घ्या.

विमानाच्या सामानात सुकं खोबरं चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मानलं जातं आणि २०२२ पासून चेक-इन बॅगेत त्याला बंदी आहे. दुबईला जाताना खसखस अजिबात नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, त्यामुळे दिवाळीत नातेवाइकांसाठी नेलेले खसखस लावलेले अनारसेही अडचणीत आणू शकतात. युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे घरीच ठेवायचे. सिंगापूरला तंबाखूची पुडी आणि गुटखा दोन्हींना बंदी आहे.

शेतकऱ्यांचे अभ्यास दौरे

फुलंब्री तालुका आले आणि मक्याचा. इथला शेतकरी परदेशी जातो तो नेहमी सहलीलाच जातो असं नाही. राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांना परदेश अभ्यास दौऱ्यावर नेण्याची योजना आहे. खर्चाच्या ५० टक्के किंवा कमाल १ लाख रुपये, यांपैकी जे कमी ते अनुदान, असा तिचा नियम राहिला आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात करायचा. पण अनुदान असतं ते दौऱ्याच्या खर्चावर. तिथला चहा, पाणी आणि नातवंडांसाठीची चॉकलेटं ज्याची त्यानेच घ्यायची.

युरोपात हा वरखर्च थायलंडच्या कितीतरी पट होतो. नेदरलँड्समध्ये रेल्वे स्टेशनवर पाण्याची छोटी बाटली दोन-तीन युरोला पडते आणि सार्वजनिक स्वच्छतागृहाचेही पैसे मोजावे लागतात. पण तिथलं नळाचं पाणी पिण्यालायक असतं. घरून रिकामी बाटली नेली की रोजचे पाच-सहाशे रुपये वाचले.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला निघालेल्या शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे उतरताना भरायच्या अर्जात, अलीकडे शेतात किंवा जनावरांजवळ गेला होतात का, असं विचारलेलं असतं. खरं उत्तर द्यायचं आणि मातीचे बूट आधीच स्वच्छ धुऊन न्यायचे. बॅगेतला खाण्याचा पदार्थ लपवला तर होणारा दंड अख्ख्या दौऱ्याच्या वरखर्चाहून मोठा असू शकतो.

रोख, कार्ड की यूपीआय?

परकीय चलनासाठी फुलंब्रीकरांना साधारणपणे संभाजीनगर गाठावं लागतं. पॅन कार्ड आणि पासपोर्ट सोबत हवा. ५० हजार रुपयांपर्यंतचं चलन रोख देऊन घेता येतं, त्यापुढे चेक किंवा बँकेतूनच पैसे द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात. विमानतळावरच्या काउंटरवर दर सहसा सगळ्यात वाईट मिळतो, म्हणून हे काम मुंबईच्या विमानतळावर ढकलू नये.

थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की तिथली बँक दर वेळी साधारण २२० बाट कापते. म्हणजे ६६० रुपये, मग काढलेली रक्कम कितीही असो. आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. रोज थोडे थोडे काढणाऱ्याचे पाच दिवसांत तीन हजारांवर रुपये नुसते शुल्कात जातात. एकदाच मोठी रक्कम काढा, नाहीतर घरूनच बाट घेऊन जा.

भारतीय कार्डावर परदेशातला वापर बऱ्याचदा बंद केलेला असतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरक्षेसाठी तसा नियम केला. बँकेच्या अॅपमधून तो निघण्यापूर्वी चालू करून घ्या. आणि दुकानातल्या मशीनने 'रुपयांत की बाटमध्ये?' असं विचारलं तर कायम बाट निवडा. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यात दर मशीनवाला ठरवतो आणि तो महागच असतो.

यूपीआय सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस आणि फ्रान्समध्ये काही ठिकाणी चालतं. 'काही ठिकाणी' हे शब्द महत्त्वाचे. गाडीवरच्या पॅड थाईसाठी मात्र रोख पैसेच बरे.

भावकीला काय न्यायचं?

वरखर्चाचा सगळ्यात अवघड भाग हा आहे, कारण तो पोटाशी नाही, मानापानाशी जोडलेला असतो. थोरल्या जावेला पर्स आणली आणि धाकटीला चावीची कडी, हे वर्षभर लक्षात राहतं. बाजारात उभं राहून कोणाला काय घ्यायचं ठरवलं की प्रत्येक वस्तू थोडी थोडी वरची घेतली जाते. त्यापेक्षा निघण्यापूर्वी घरीच यादी करावी: नाव आणि समोर रक्कम. वस्तू तिथे गेल्यावर ठरेल.

वर धरलेल्या १२,००० रुपयांचे ४,००० बाट होतात. थाई लोक खिशात बाळगतात ती नाकाला लावायची बामची नळी साधारण २५ बाटला मिळते. बारा नळ्यांचे ३००. सर्दीने बेजार असलेल्या सगळ्या आत्या-मावश्यांना ती फ्रिज मॅग्नेटपेक्षा जास्त आवडते. नऊ मॅग्नेट, शंभराला तीन या भावाने, ३००. हत्तीचं चित्र असलेल्या पिशव्या किंवा सुती पँटी १५० च्या भावाने सहा, म्हणजे ९००. आजी आणि सासूबाईंसाठी प्रत्येकी ५०० च्या दोन शाली, १,०००. सुक्या आंब्याची आठ पाकिटं, ८००. झाले ३,३००. उरलेल्या ७०० मध्ये स्वतःच्या घरासाठी काहीतरी.

चतुचाकसारख्या बाजारात भाव करणं अपेक्षितच असतं. समोर कॅल्क्युलेटर येतो, त्यावर आपला आकडा लिहायचा आणि हसत परत द्यायचा. मॉलमध्ये आणि सेव्हन-इलेव्हनमध्ये हे चालत नाही. मोठी खरेदी करायची असेल तर थायलंडमध्ये एका दुकानात एका दिवशी २,००० बाटच्या वर बिल झालं, की व्हॅट परतीचा कागद मागून घ्या. त्यातले काही पैसे परत जाताना विमानतळावर मिळतात. बुद्धमूर्ती मात्र घेण्याआधी विचारा, कारण त्या देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. स्वस्त विमानांत सामानाची मर्यादा १५ ते २० किलो असते, आणि जादा किलोचे पैसे आतल्या वस्तूंपेक्षा जास्त होऊ शकतात.

भारतात परतताना भेटवस्तूंसह माणशी ५० हजार रुपयांपर्यंतचं सामान शुल्कमुक्त होतं. फेब्रुवारी २०२६ पासून ही मर्यादा ७५ हजार झाली. सोन्याचा नियम वेगळा आहे. स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिन्यांची सूट आहे ती वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना. पाच दिवस दुबई फिरून आलेल्याला ती मिळत नाही.

टीसीएसचे पैसे परत मिळतात, पण कोणाला?

परदेशी टूर पॅकेजवर कंपनी टीसीएस नावाचा कर आधीच घेते. १० लाखांपर्यंत तो ५ टक्के होता, २०२६ च्या अर्थसंकल्पात तो २ टक्क्यांवर आणला गेला. तीन लाखांच्या पॅकेजवर पूर्वी १५,००० रुपये जायचे, आता ६,०००. हा खर्च नाही, तो आयकराच्या हिशेबात परत मिळतो. पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने ज्यांनी आजवर कधी विवरणपत्र भरलं नाही, अशा घरांचे हे पैसे सरकारकडेच पडून राहतात. पॅकेजची पावती आणि टीसीएसचं प्रमाणपत्र जपून ठेवा. पावती ज्याच्या पॅनवर फाटली, परतावा त्याच्याच नावे येतो, त्यामुळे पैसे भरतानाच पॅन कोणाचा द्यायचा ते ठरवा.

उरलेलं चलन परत आल्यावर १८० दिवसांच्या आत बदलून घ्यायचं असतं. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाणी मात्र इथे कोणी बदलून देत नाही, ती परतीच्या विमानतळावर चहात संपवलेली बरी.