बाळाच्या तोंडी चोखणी द्यावी का? पाचशे वर्षांचा एक वाद

ताईच्या बाळाचे बारसे झाले आणि दुसऱ्याच दिवशी घरात दोन पक्ष पडले. कारण, भेट म्हणून आलेली रबरी चोखणी, म्हणजेच पॅसिफायर. आजीचे म्हणणे, सवय लागेल, दात पुढे येतील. ताईचे म्हणणे, सलग दोन तास झोप मिळणार असेल तर मी कोणताही अपराध कबूल करीन. अशा प्रसंगी इतिहासाच्या विद्यार्थिनीचे मत कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

आरंभ एका चित्रापासून करू. १५०६ साली व्हेनिसमध्ये असताना आल्ब्रेख्ट ड्यूररने मेरी आणि बाल येशूचे एक चित्र रंगवले. ते आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. बाळाच्या हातावर एक चिमुकला पक्षी बसला आहे. पाहणाऱ्याची नजर तिथेच खिळते आणि बाळाने दुसऱ्या हातात धरलेली वस्तू निसटून जाते. ती आहे गाठ मारलेली कापडाची पुरचुंडी. तीच त्या काळची चोखणी.

या पुरचुंडीत पावाचा चुरा, साखर किंवा मध भरीत. कधी खसखस घालीत, कधी ती ब्रँडीत बुडवीत. श्रीमंतांघरी चांदीच्या मुठीचे पोवळे असे, गरिबांघरी हे फडके. म्हणजे बाळाला शांत करणारे साधन आणि बाळाला गुंगी आणणारे औषध यांच्यातील सीमारेषा तेव्हाही पुसटच होती.

कारखान्यांचे युग आले आणि ती रेषा पुरतीच पुसली गेली. मँचेस्टर, नॉटिंगहॅमसारख्या शहरांत आई कामावर जाई आणि तान्हे मूल शेजारच्या एखाद्या म्हातारीकडे दोन पैशांवर सांभाळायला ठेवी. अनेक मुले सांभाळणाऱ्या त्या बाईकडे ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ची बाटली असे : गोड पाकात कालवलेली अफू. अफूने रडे थांबते, पण भूकही मरते. मूल दूध मागत नाही, म्हणून त्याला ते मिळत नाही. पुष्कळ मुले विषाने एका दिवसात नव्हे, तर अशी हळूहळू झिजून गेली. १८६८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अफूच्या विक्रीवर बंधने आली, पण बाटलीबंद ‘पेटंट’ औषधे त्यातून वगळली गेली. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ १८४९ पासून विकले जात होते. त्यात मॉर्फीन होते. आत काय आहे हे बाटलीवर छापण्याची सक्ती तिथे १९०६ मध्ये झाली.

आज आपल्याला परिचित असलेल्या रबरी चोखणीच्या आकृतीला अमेरिकेत पेटंट मिळाले १९०० साली. त्यात ना साखर, ना अफू. तिचे स्वागत व्हायला हवे होते, नाही का? घडले उलटे. जंतूंचा सिद्धांत नुकताच सर्वमान्य झाला होता. जमिनीवर पडलेली चोखणी पदराने पुसून पुन्हा तोंडात देणारी कामकरी आई ही डॉक्टरांच्या आणि बालसंगोपनाच्या प्रचारकांच्या टीकेचे आवडते लक्ष्य ठरली. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांनी तर चोखणीविरुद्ध मोहीमच उघडली. अस्वच्छतेची भीती खरी होती, हे मान्य. पण त्या टीकेचा सूर वाचताना मला सतत जाणवते की, प्रश्न जंतूंचा कमी आणि ‘कसल्या घरातली आई’ याचा अधिक होता.

याच सुमारास मुंबईत काय चालले होते? गिरणगावात बाळांना अफूची ‘बाळगोळी’ दिली जात होती. (सहाणेवर उगाळतात ती बाळगुटी निराळी, दोन्हींची गल्लत करू नये.) गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात नोंद आहे की, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ बालकांना अफू दिली जात होती.

हा आकडा वाचून त्या मातांना अडाणी म्हणणे फार सोपे आहे. चाळीतली एक खोली, दिवसभराची पाळी, गावी राहिलेली सासू आणि एक दिवस चुकला तर बुडणारी मजुरी. यात भुकेल्या मुलाला घरी ठेवणाऱ्या स्त्रीपुढे पर्याय कोणते होते? बाळंतपणाचा भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांतात १९२९ मध्ये झाला. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने अफूच्या या प्रथेवर उपाय म्हणून सुचवले ते मातांना उपदेश करणे नव्हे, तर कारखान्यांत पाळणाघरे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत ती बंधनकारक केली; १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आली.

चोखणीचा वाद मात्र मिटला नाही. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सांगितले : अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊ नका. २००५ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने सांगितले : झोपवताना द्यायला हरकत नाही, झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका कमी झालेला दिसतो; मात्र अंगावर पिणारे बाळ महिन्याचे होईपर्यंत थांबा आणि तिला गोड काही लावू नका. ड्यूररच्या पुरचुंडीतली साखर इथे, पाचशे वर्षांनी, रीतसर नाकारली गेली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ‘देऊ नका’ बदलून ‘धोके समजावून सांगा’ अशी भाषा स्वीकारली.

आमच्या घरी ठरले ते असे : महिनाभर थांबायचे, मग फक्त झोपताना. आजीने तेवढ्यापुरती माघार घेतली आहे. ताईची सव्वीस आठवड्यांची रजा पावसाळ्यात संपते. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तिच्या कार्यालयात ती आहे का, हे विचारणारे पत्र ताईने काल रात्री, बाळ झोपल्यावर लिहिले.