नळीतली रिकामी जागा

'काहीच नाही' असं कुठे काही असू शकतं का? प्रश्न रात्री दोनच्या गप्पांमधला वाटेल, पण युरोपातली भलीभली डोकी यावर जवळजवळ दोन हजार वर्षं भांडत होती.

डेमोक्रिटस वगैरे अणुवादी म्हणायचे, पोकळी आहे, म्हणून तर अणू हलतात. अ‍ॅरिस्टॉटलला हे साफ नामंजूर. त्याचा एक मुद्दा असा: पोकळीत निघालेली वस्तू इथेच का थांबेल, तिथे का नाही? म्हणजे कुणी अडवलं नाही तर ती चालतच राहणार. हे कसं शक्य आहे? सबब पोकळी नाही! मला हे वाचून जाम गंमत वाटली. न्यूटनचा पहिला नियम साहेबांच्या हातात आला होता आणि त्यांनी तो एरर मेसेज समजून टाकून दिला.

पुढे १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली. त्यातलं एक असं की, देव विश्वाला सरळ रेषेत सरकवू शकत नाही, कारण मागे पोकळी उरेल. देवाला अमुक जमत नाही असं म्हणायचं नाही, म्हणून पोकळी निदान कल्पनेत तरी अधिकृत झाली.

पण खरी गाडी पुढे सरकली ती पंपामुळे. शोषून पाणी वर चढवणारा पंप साधारण दहा मीटरच्या वर हात टेकतो. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात याची दखल घेतली. त्याच्या मते पाण्याचा दोर स्वतःच्याच वजनाने तुटतो. १६४४ मध्ये तोरिचेल्लीने पाण्याऐवजी साडेतेरापट जड पारा वापरला. भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली, तर पारा ७६ सेंटिमीटरवर येऊन थांबला. वर राहिली ती रिकामी जागा. तो म्हणाला, पाऱ्याला तोलून धरतंय ते बाहेरच्या हवेचं वजन.

आता हे तपासायचं कसं? पास्कलने डोकं लढवलं: डोंगरावर हवा कमी, तर पाराही खाली यायला हवा. तो स्वतः पॅरिसमध्ये, तब्येतीची रड. मग क्लेरमाँला राहणाऱ्या मेव्हण्याला, पेरिएला, कामाला लावलं. १९ सप्टेंबर १६४८ ला पेरिए पाच प्रतिष्ठित मंडळींना घेऊन पुई द दोम डोंगरावर गेला. निघताना दुसरी तशीच नळी खाली मठाच्या बागेत ठेवली आणि एका साधूबुवांना दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं. (टेस्टिंगवाल्यांनो, उभे राहून टाळ्या!) साधारण हजार मीटर वर पारा साडेआठेक सेंटिमीटर उतरला. पेरिएने उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यात असं पाच वेळा मोजलं. उत्तर तेच. खालची नळी जागची हलली नव्हती. पास्कल तेव्हा पंचविशीत होता. आपल्याकडे या वयात माणूस पहिल्या अप्रेझलची वाट बघत असतो.

असो. पण यातून सिद्ध काय झालं? हवेला वजन आहे, एवढंच. नळीत वर 'काहीच नाही' हे कुठे सिद्ध झालं? नोएल नावाच्या जेसुइट पाद्र्याने पास्कलला १६४७ मध्येच विचारलं होतं की त्या जागेतून उजेड आरपार जातो, मग ती रिकामी कशी? हा प्रश्न अजिबात बावळट नाही.

इथे मला आपले नैयायिक आठवतात. न्याय-वैशेषिकांनी अभावाला चक्क पदार्थांच्या यादीत बसवलं, पण एका अटीवर: अभाव नेहमी कशाचा तरी असतो. जमिनीवर घट नाही, असं म्हणता येतं. नुसतं 'नाही' म्हणता येत नाही. डेटाबेसमध्ये नल आणि रिकामी स्ट्रिंग यांच्यावरून ज्यांची भांडणं झाली आहेत त्यांना हे लगेच पटेल. नळीत पारा नाही, कबूल. हवा नाही, कबूल. पण म्हणून काहीच नाही?

प्रकाशासाठी एकोणिसाव्या शतकात त्या जागेत ईथर भरून झाला. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांना तो सापडला नाही, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याची गरजच नाही म्हणून टाकलं. पण विद्युतचुंबकीय क्षेत्र आहेच, आणि क्वांटम सिद्धांतानुसार ते कधी पूर्ण शांत बसत नाही. शिवाय तोरिचेल्लीच्या त्या नळीत पाऱ्याची जराशी वाफही असते.