तेल मागणारा अश्वत्थामा

या विकांताला थोडं गेमपुराण. 'एल्डन रिंग' (२०२२) खेळलेल्यांना त्यातला अर्धा माणूस, अर्धा लांडगा असलेला ब्लाइध आठवत असेल. एवढं भारदस्त नाव, आणि वेल्श भाषेत त्याचा अर्थ नुसता 'लांडगा'! 'विचर'मधल्या गेराल्टचं 'ग्विनब्लेइद' हे नाव पण त्याच शब्दावरून आलंय, म्हणजे पांढरा लांडगा. कोरियाच्या नेक्सॉनने तर २००४ साली अख्ख्या गेमलाच 'माबिनोगी' नाव दिलं. नाव वेल्श कथांचं, आतलं जग बरंचसं आयरिश. चालायचंच.

ही नावं इतकी फिरली कशी? माझ्या मते कागदामुळे. वेल्श कथा चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितांत टिकल्या, १८३८ ते १८४९ दरम्यान लेडी शार्लट गेस्ट यांनी त्या इंग्रजीत आणल्या. पुढे टोल्किनने एल्फांच्या सिंदारिन भाषेला वेल्शचा नाद दिला आणि गेमवाल्यांना आयता खजिना मिळाला.

आता आपल्याकडे या. जपानी 'फेट/ग्रँड ऑर्डर'मध्ये २०१९ साली अश्वत्थामा आला. लाल केस, अवाढव्य चक्र, सदा संतापलेला. हा पोथीतला योद्धा.

खानदेशातला अश्वत्थामा वेगळाच आहे. मणी काढून घेतल्यावर कपाळावर राहिलेली जखम अजून भळभळते, तिला लावायला तो सातपुड्यात तेल मागत हिंडतो. वाट चुकलेल्याला रस्ताही दाखवतो म्हणे. धडगाव तालुक्यातलं अस्तंबा शिखर त्याचं. (१९९८ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत हे सगळं धुळे जिल्ह्यातच होतं.) दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून लोक हा डोंगर चढायला निघतात. तिकडे बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तोच पहाटे येऊन महादेवाला फूल वाहतो, असंही सांगतात.

गेम म्हणून बघा ना: न मरणारा, न लढणारा माणूस. तेल दिलंत तर वाट सापडेल. एवढी तयार गोष्ट! पण ती अहिराणीत, भिलीत, पावरीत तोंडोतोंडी चालत आली, आणि गेम लिहिणारा पुण्यात बसून महाभारत उघडतो. पुण्यातच बनलेला 'राजी' (२०२०) दिसायला देखणा आहे, पण त्यातही दुर्गा आणि विष्णूच.

असो. तुमच्यापैकी कुणाची आजी तळोदा-शहाद्याकडची असेल तर या दिवाळीत फोनचा रेकॉर्डर चालू करून तिला विचारा, अश्वत्थामा नक्की कुठलं तेल मागतो :)