भाषा शिकणारा कां टिकतो?

परभाषेच्या वर्गाला विद्यार्थी जमविणें सोपें, टिकविणें कठीण. रात्रीच्या वर्गांपासून आजच्या मोबाईलवरील भाषा-ॲपपर्यंत सर्वांना हाच अनुभव येतो. पहिला हुरूप ओसरला कीं विद्यार्थी दिसेनासा होतो. मग जो टिकतो, तो कशामुळें?

सोलापूर हें मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू एकत्र नांदणारें गिरणगांव. तेथें १० ऑक्टोबर १९१० रोजीं द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनला राष्ट्रसभेनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत ते होते. चिनी भाषा त्यांना सर्वस्वीं परकी. परंतु जखमी शिपायाला कोठें दुखतें, हें विचारल्यावांचून गत्यंतर नव्हतें. भाषा रोज लागे, म्हणून ती रोज वाढे. पुढें ते चिनी भाषेंतच शस्त्रक्रिया शिकवूं लागले. १९४१ सालीं बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं चिनींत ग्रंथलेखनही आरंभिलें. त्याच वर्षीं त्यांचा क्वो छिंगलान यांच्याशीं विवाह झाला. पुत्राचें नांव ठेवलें इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, चीनमध्येंच त्यांचें निधन झालें.

बक्षिसाच्या आमिषानें विद्यार्थी वर्गाच्या दारापर्यंत येईल. आपल्या उत्तराची कोणी वाट पाहत आहे असें त्याला दिसलें, तरच तो आंत बसून राहील.