दुष्काळनिधि आणि शेतकऱ्याचा बैल

दुष्काळांत निधि जमविण्यास करुणा पुरते. तो वांटण्यास न्यायबुद्धि लागते. हा धडा आपल्या देशानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत फार मोठी किंमत देऊन घेतला.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन, म्हैसूर व मद्रास इलाखा होरपळून काढला. १८७७ च्या ऑगस्टमध्यें मद्रासकरांनीं विलायतेस हांक मारली. लंडनच्या लॉर्ड मेयरांनीं मॅन्शन हाउसमध्यें निधि उघडला व कांहीं महिन्यांतच लक्षावधि पौंड जमले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांस ही खासगी खटपट रुचली नाहीं. तथापि त्यांच्या नापसंतींत एक खरा प्रश्न दडलेला होता: उपाशी माणसाचा जीव जगविणें हें सरकारचें काम, तर दानाच्या पैशाचें काम कोणतें? मद्रासच्या समितीचे चिटणीस विल्यम डिग्बी व त्यांचे सहकारी यांनीं याचें उत्तर कृतीनें दिलें. स्थानिक समित्यांमार्फत बरीच रक्कम बियाणें, गुरें, घरांचीं छपरें व वस्त्रें यांवर खर्ची पडली. सरकारी कामावर खडी फोडून जो जगला, त्याला पुन्हां शेतकरी करावयाचें, हें दानाचें काम ठरलें.

१८९७ च्या दुष्काळनिधींत हाच विचार नियमबद्ध झाला. सुमारें १ कोटि ७० लाख रुपये जमले आणि त्यांच्या विनियोगाचे चार हेतु ठरले: सरकारी शिध्याला थोडी जोड देणें, अनाथ मुलांचा सांभाळ, उघड हात न पसरणाऱ्या अब्रूदार गरिबांस साह्य, आणि सर्वस्व गमावलेल्यांस पुन्हां उभें करणें. सर्वांत मोठा वांटा चौथ्या हेतूकडे गेला.

येथेंच न्यायाची खरी कसोटी लागते. सर्वांस सारखे चार आणे वांटले तर तक्रार राहत नाहीं, पण एकही नांगर चालत नाहीं. बैल द्यावयाचा तर तो मोजक्यांसच देतां येतो, आणि तोही पेरणीपूर्वीं. मृग निघून गेल्यावर दिलेला बैल त्या वर्षापुरता निरुपयोगी. रोकड द्यावी, तर ती सावकाराच्या वहींत जमा होण्याचें भय. कर्ज किती खोल मुरलें होतें, हें १८७५ च्या पुणें-नगरकडील दंग्यांनीं दाखविलेंच होतें. शिवाय, ज्याच्यापाशीं जमीन त्यालाच बैलाचा उपयोग. ज्या मजुराचें गमावण्यासारखें कांहींच नव्हतें, त्याला ‘पुन्हां उभें करण्या’च्या हेतूंत जागा कोठें?

म्हणून निवड करणाऱ्यास गांवाची खडान्खडा माहिती हवी. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें १८७६-७७ सालीं जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तांत मागवून ते सरकारपुढें मांडले. ती सेवा रोख देणगीहून कमी मोलाची नव्हती. कोणाचा बैल मेला, कोणाचें बीं संपलें आणि कोण मुकाट्यानें उपाशी आहे, हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याच्या हातून निधीचा हिशेब चोख राहील, परंतु न्याय होईलच असें नाहीं.