तलावाचं पाणी आमचं, मग मासा कोणाचा?



तीन वर्षांमागची गोष्ट. भारी धान निसवायला आला अन् पावसानं दडी मारली. आम्ही पंधरा-वीस कास्तकार तुडूम उघडायला पाळीवर गेलो. तिथं ढिवर भाऊ आधीच उभे. तलाव त्यांच्या संस्थेनं ठेक्यानं घेतलेला, बोटभर पोंगे विकत आणून सोडलेले. एक म्हातारा बाबा मला म्हणाला, "पाटील, पाणी सोडता तवा त्याच्यासंगं मासा बी जाते, त्याचा हिशोब कोण ठेवते?" मी काही बोललो नाही. तुडूम उघडलं. माझा धान वाचला, त्यांचं वर्ष गेलं.

तेव्हापासून डोक्यात आहे की हे भांडण पहिले होतं का?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत सहा हजारांवर जुने तलाव-बोड्या आहेत. बरेचसे गोंड राजांच्या काळातले, कोहळी लोकांनी बांधलेले. जो तलाव बांधेल त्याला खालची भिजणारी जमीन मिळे, असं जुने लोक सांगतात. नवेगावबांधचं श्रेय कोलू पाटील कोहळीला देतात. 1860 नंतर इंग्रजांनी मालगुजारी पक्की केली, म्हणून नाव पडलं मालगुजारी तलाव. गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात लिहीत. पाण्याचा हक्क, वाटेचा हक्क अन् मासेमारीचा हक्क, तिन्ही त्यात येत. मालगुजार काही देव नव्हता, बेगारही घेत. पण धान, पाणी अन् मासा यांचा निवाडा गावातच होई.

1950 चा कायदा आला, 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. ते व्हायलाच पाहिजे होतं. पण पुढं सिंचन एका खात्याकडं, मासा दुसऱ्याकडं अन् जमीन महसुलाकडं गेली. गाळ काढणं कोणाच्याच वाट्याला नीट आलं नाही.

मासाही बदलला. आमचा मूळ मासा म्हणजे मरळ, वाघूर, शिंगूर. पहिल्या मोठ्या पावसात सलंगावरून पाणी पडलं की हा उलट्या धारेनं चढे, पाटातून, नाल्यातून बांधीत शिरे. उथळ पाण्यात, गवतात अंडी टाके. आम्ही पोरं रोवणीच्या चिखलात हातानं वाघूर धरत होतो (काटा लागला की दिवसभर ठणका). दिवाळीनंतर पाणी उतरे तसे ढिवर जाळी घेऊन निघत. त्यांच्या बाया टोपल्यात मासे घेऊन खळ्यावर येत अन् बदल्यात धान नेत. माझ्या आईनं माशासाठी कधी पैसा मोजलेला मी पाह्यला नाही.

1957 मध्ये ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी अन् अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून अंडी घेतली. 10 जुलैचा मत्स्य शेतकरी दिवस त्याचाच. त्यानंतर रोहू, कतला, मृगळचं बीज सगळीकडं मिळू लागलं. वजन चांगलं, भावही चांगला. पण हे मासे वाहत्या पाण्यात विणणारे, आपल्या साठलेल्या तलावात विणत नाहीत. म्हणजे दर साली बीज विकत घ्या, ठेका भरा. मरळीला बीज लागत नव्हतं, वाट लागत होती.

ती वाट कोणी बंद केली? सिमेंटच्या पाटानं केली, बेशरमच्या झुडपानं केली, अन् खरं सांगतो, मी बी केली. तुडतुड्यावर मी वर्षानुवर्षं पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारलं. ही औषधं माशाला लई घातक. एका सकाळी बांधीच्या कोपऱ्यात पांढरी पोटं वर झालेली पाह्यली, तरी पुढच्या साली तेच मारलं. कृषी सहायकांनीही कधी माशाचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

अर्जुनी मोरगावकडं ढिवर मंडळींनी तलावातली बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या. देशी मासा परत दिसू लागला. ते काम बघून यावं असं आहे.

यंदा मी पाटाला लागून असलेल्या दोन बांध्यांत फवारणी केली नाही. तुडतुडे आले, कोपऱ्यातला धान थोडा जळाला. ऑगस्टात मेरीजवळ मरळीची लाल पिल्लं एका गोळ्यात फिरताना दिसली, आई खाली. त्या म्हाताऱ्या बाबाला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ उकिडवा बसून पाहत राह्यला, मग म्हणाला, "तुडूम उघडाल तवा आधी सांगजा."